न ओढता सिगार पारखता येते का?

प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखक २७ वर्षांचे, मूळचे संगमेश्वर तालुक्यातले. हॉटेल मॅनेजमेंट करून दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात लागले. दोन वर्षं कॉफी शॉपमध्ये होते. आठ महिन्यांपूर्वी तिथल्याच सिगार लाउंजमध्ये बदली झाली. पगार वाढला, टिपही बरी मिळते. घर माळकरी आहे. त्यांच्या स्वतःच्या गळ्यातही तुळशीची माळ आहे, युनिफॉर्मच्या कॉलरच्या आत. आजवर विडीसुद्धा ओढलेली नाही. पाहुण्यांना सिगार सुचवताना ते माहितीपत्रकातले शब्द म्हणून दाखवतात: लेदर, सीडर, कोको, व्हाइट पेपर (पांढरी मिरी). मध्यंतरी एकाने विचारलं, "तू स्वतः कोणती ओढतोस?" तेव्हा घाबरून एक नाव ठोकून दिलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या पाहुण्याने 'कडू आहे' म्हणत रोबुस्टो (आखूड, जाड आकाराची सिगार) परत केली; यांनी मुकाट्याने नवीन दिली आणि मॅनेजरची बोलणी खाल्ली. आता पुढच्या महिन्यात ट्रेनिंगची परीक्षा आहे. एक सिगार पूर्ण ओढायची आणि तिच्यावर टिपण लिहायचं. मॅनेजरचं म्हणणं, ओढल्याशिवाय कळणार नाही. पत्रलेखक विचारतात: एकदाच ओढली तर कुणाला कळणार आहे? धूर आत घेतला नाही तर अपाय नसतो ना? की ही चवच मुळात आपल्यासारख्यांसाठी नाही?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही कंसात टाकलीत. रोबुस्टो परत करणाऱ्या पाहुण्याबद्दल लिहिता लिहिता तुम्ही म्हणता: (तो सारखा फोनवर बोलत होता, पेटवली पण स्वतःच्याच पेट्रोलच्या लायटरने, आणि पंचवीस मिनिटांत जेमतेम दोन बोटं उरली होती). कंस संपतो आणि पुढचंच वाक्य: 'मला सिगारमधलं काहीच कळत नाही.'

अहो, मग हे काय आहे?

रोबुस्टो म्हणजे १२४ मिलिमीटर लांब आणि ५० रिंगची. एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा जाडी पाऊण इंचाहून किंचित जास्त. एवढी सिगार निवांत ओढली तर पाऊण तास सहज जातो, कुणाला तासही लागतो. साधारण मिनिटाला एक झुरका, अशी तिची चाल. पंचवीस मिनिटांत ती संपत आली याचा अर्थ गडी बोलण्याच्या नादात झुरक्यावर झुरके मारत होता. सिगार तापली की कडू होते, चहा विसरून उकळत राहिला की होतो तशी. त्यात पेट्रोलचा लायटर. त्याचा वास पहिल्या काही झुरक्यांना चिकटतोच. म्हणून तर लाउंजमध्ये ब्यूटेनचे लायटर आणि लांब काड्या ठेवलेल्या असतात. कडूपणाची दोन्ही कारणं तुम्ही दहा फुटांवरून, एकही झुरका न घेता टिपली होती. ती कारणं आहेत एवढंच माहीत नव्हतं.

नवीन सिगार दिलीत यात काही बिघडलं नाही. पण देताना "सर, ही मी पेटवून देतो, आणि जरा सावकाश घ्या, आधीची तापली होती" असं म्हणाला असतात, तर दुसरीही कडू झाली नसती. ती झाली की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, झाली असणार.

तुमचा मॅनेजर म्हणतो त्यात अर्धं खरं आहे. चव ओढल्याशिवाय कळणार नाही. पण सिगारची पारख म्हणजे फक्त तिची चव, हे तुम्ही दोघांनीही धरून चालला आहात.

माझं बालपण सिन्नरला गेलं. दुपारची जेवणं उरकली की आमच्या आळीतल्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसायच्या. टेंभुर्णीचं पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. मजुरी हजारावर. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेलं की तिथला चेकर एक मूठ उचलायचा, बोटांत फिरवायचा आणि मनाला न येतील त्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. (बायकांच्या मते त्याच्या मनाला जरा जास्तच विड्या येत नसत. छाटीतल्या विड्यांची मजुरी मिळत नसे आणि विड्याही परत मिळत नसत.) त्या माणसाने तपासणीसाठी विडी पेटवलेली मी कधी पाहिली नाही. सैल भरलीय का, खच्चून भरलीय, पान फाटलंय का, हे त्याला अंगठ्याला कळायचं.

हातानं वळलेल्या सिगारचं गणित वेगळं नाही, फक्त किंमत वेगळी. तिचे तीन भाग. आत गाभा, त्याला स्पॅनिशमध्ये त्रिपा म्हणतात. त्याला धरून ठेवणारं पान ते कापोते. आणि सगळ्यात बाहेरचं देखणं पान म्हणजे कापा. गाभ्यात चुरा नसतो, लांबच्या लांब पानं असतात, आणि तीही एका जातीची नाहीत. झाडाच्या खालच्या अंगाचं पान वोलादो, ते नीट जळतं. मधलं सेको, त्याला वास. शेंड्याकडचं लिहेरो, ऊन खाऊन जाड झालेलं, तिखट आणि सावकाश जळणारं. म्हणून ते बरोबर मध्यभागी ठेवतात. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातली वुएल्ता आबाहोची जमीन या पानांसाठी प्रसिद्ध आहे. पण पान कितीही चांगलं असलं तरी पुढचं सगळं वळणाऱ्याच्या हातात. चांगला कारागीर प्रत्येक पान साडीच्या निऱ्यांसारखं दुमडत दुमडत एकमेकांशेजारी ठेवतो, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत हवेला वाट राहते. निऱ्या दाबल्या गेल्या की ओढच बसत नाही, गाल आत जातात पण धूर येत नाही. सैल राहिल्या की सिगार भराभरा जळते, तापते, कडू होते. हातात अवजार म्हणाल तर चावेता नावाचं अर्धचंद्राच्या आकाराचं पातं, बाकी बोटं. आकारानुसार दिवसाला शंभराच्या आसपास नग होतात.

जाता जाता एक गोष्ट, कारण मला ती फार आवडते. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून वळणाऱ्यांना कामाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत आहे. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. वाचणाऱ्याचा पगार सुरुवातीला कामगारच वर्गणी काढून देत. आमच्या आळीत तेच काम रेडिओ करायचा.

तर आता तुम्ही, तुमच्या लाउंजमध्ये, काडी न ओढता काय काय करू शकता ते बघा.

सिगार उजेडात धरा. कापा तुकतुकीत दिसतं का, त्यावर हलका तेलकटपणा आहे का, शिरा जाड उठून आल्यात का, कुठे चीर आहे का. डोक्याकडची, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाची, टोपी सफाईने बसवलेली आहे की ओबडधोबड. मग अंगठा आणि तर्जनीत धरून पायाकडून, म्हणजे पेटवायच्या टोकाकडून, डोक्याकडे अगदी हलक्या हाताने दाबत जा. मध्येच बोट आत गेलं तर तिथे पोकळ. मध्येच खडा लागल्यासारखं झालं तर तिथे पानं गच्च बसलीत, ओढ अडणार. कुरकुर वाजली तर सुकली आहे. दाबल्यावर स्पंजासारखी वाटली तर दमट झाली आहे, नीट जळणार नाही. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं आणि त्यासाठी फक्त हात धुतलेले लागतात.

मग वास. पायाकडून घ्या आणि अंगावरूनही घ्या. अंगाचा वास वेगळा असतो, पायाचा वेगळा. नाकात मुतारीसारखा अमोनियाचा झणका बसला तर तंबाखू अजून कच्ची आहे. पानांचे ढीग रचून ती आंबवतात, आतून तापू देतात, त्यात हा अमोनिया उडून जायला हवा असतो. तो पुरता गेलेला नसला की असा वास मारतो. अशी सिगार विकायला काढू नका, ठेवून द्या, काही महिन्यांत निवळते. कुबट वास आला तर मात्र बुरशी शोधा.

पेटवल्यानंतरचं बरंचसंही दुरून दिसतं. निखाऱ्याची कड सरळ आहे का? एका बाजूने जळत होडीसारखी झाली तर पेटवताना सगळीकडून पेटली नव्हती किंवा गाभा असमान आहे. आतलं जळतंय आणि बाहेरचं पान तसंच उभं, असं असेल तर सिगार दमट असण्याची शक्यता जास्त. राख बघा. लांब पानांच्या सिगारची राख अंगठ्याच्या पेराएवढी सहज टिकते. चुऱ्याची लगेच भुरभुरते. पाहुण्याने एकाच सिगारला तिसऱ्यांदा काडी लावली, तर ते लिहून ठेवा. तोच बॉक्स, तोच दिवस, दुसऱ्या पाहुण्याचंही तसंच, तर दोष पाहुण्याचा नाही. लाउंजमध्ये तुम्ही एकटेच असे आहात ज्याला पंधरा सिगारी एकाच वेळी जळताना दिसतात. ओढणाऱ्याला एकच दिसते.

आता चवीकडे येऊ, कारण तुमची खरी बोच तिथे आहे. 'आपल्यासारख्यांसाठी नाही' असं तुम्ही लिहिलंत ते मला टोचलं.

लेदर, सीडर, कोको ही काही सिगारमध्ये घातलेली द्रव्यं नाहीत. वास घेतल्यावर माणसाला आपल्या घरातलं जे आठवलं ते त्याने लिहिलं, एवढंच. अमेरिकेत १९९०च्या दशकात सिगारची लाट आली, १०० पैकी गुण द्यायची पद्धत रुळली, आणि त्या लोकांच्या घरातले शब्द छापून जगभर गेले. त्यांच्या घरात चामड्याचे सोफे होते म्हणून लेदर. तुमच्या घरात नव्हते. पण नवी कोल्हापुरी वहाण पिशवीतून काढल्यावर जो वास येतो तो तुम्हाला ठाऊक आहे, तेच ते. सीडर म्हणजे नवी पेन्सिल तासताना येतो तसा वास. 'बार्नयार्ड' असा एक शब्द तुमच्या माहितीपत्रकात असेलच, त्याचा अर्थ पेंढा घातलेला गोठा. संगमेश्वरच्या माणसाला तो कुणी इंग्रजीतून शिकवायची वेळ यावी याचं मला हसू येतं.

जिभेला स्वतःला फार थोडं कळतं: गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी. बाकीचं सगळं नाक सांगतं. म्हणून नाक तयार करायला धूर लागत नाही. पुढच्या वेळी गावाहून कुणी येणार असेल तर घरून सुंठ, जायफळ, खारीक, भाजलेल्या काजूबिया, फणसाच्या आठळ्या, गुळाचा खडा, एवढं मागवून घ्या. लहान बाटल्यांत भरा. चिठ्ठी न बघता ओळखायचा सराव करा आणि मग न पेटवलेली सिगार शेजारी धरून हुंगा. सुक्या माडाच्या सोडणांचा धूर, सारवलेल्या अंगणावर पडलेलं पाणी, देवघरातलं चंदन, शिसवी कपाट उघडल्यावरचा वास. हे तुमचे शब्द. पाहुण्यासमोर इंग्रजी बोलावं लागेल, तर बोला. पण वहीत आधी मराठीत लिहा. मी हॉटेलात शिकवायचो तेव्हा पोरांना हेच सांगायचो, आणि फरक असा दिसायचा की पोरं 'स्पायसी' लिहायची थांबायची. कारण मराठीत स्पायसी म्हणजे नक्की काय? मिरीचा तिखटपणा, सुंठीचा, लवंगेचा की मिरची भाजतानाचा खाट?

एक फरक मात्र पक्का करून ठेवा, त्यावर सगळ्यांची गफलत होते. 'स्ट्राँग' म्हणजे चवदार नव्हे. सिगारची ताकद म्हणजे निकोटिन. ते चढलं की घाम फुटतो, डोकं गरगरतं, पोटात ढवळतं. आपल्याकडे त्याला 'तंबाखू लागली' म्हणतात. धुराचा भरीवपणा ही दुसरी गोष्ट, ताक आणि दूध यांत असतो तसा फरक. आणि चव तिसरी. भरपूर चवीची पण हलकी सिगार असते, आणि नुसती लागणारी, बेचव सिगारही असते. पाहुणा 'समथिंग स्ट्राँग' म्हणाला की विचारा: जेवून आलात का? रोज ओढता का? उपाशीपोटी आलेल्या नवख्याला जड सिगार दिलीत तर त्याला पाणी द्यायची वेळ तुमच्यावरच येणार.

चव जागच्या जागी थांबत नाही, हेही पाहुण्याला सांगता आलं पाहिजे. फ्रेंचांची एक म्हण आहे, सिगारचे तीन भाग: पहिला गवत, दुसरा स्वर्ग, तिसरा शेणखत. फ्रेंचमध्ये तिन्ही शब्दांचं यमक जुळतं. जसजशी जळत जाते तसतसा धूर अधिक गरम, अधिक उग्र होत जातो. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर सोडून द्यायला लाजू नये, पैसे कितीही दिलेले असोत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. धूर आत घेतला नाही तर अपाय नसतो ना? असतो.

तुमच्या गावात तंबाखूला चुना का लावतात? चुन्याने ती अल्कधर्मी होते, निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात उतरतं. सिगारच्या आंबवलेल्या तंबाखूचा धूर मुळातच अल्कधर्मी असतो, त्यामुळे तोंडात नुसता घोळवला तरी तेच होतं. मोठ्या सिगारमध्ये ५ ते १७ ग्रॅम तंबाखू असते. सिगारेटमध्ये एक ग्रॅमही नसते. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा, स्वरयंत्राचा कर्करोग सिगारनेही होतो. आठवड्याला एक ओढणाऱ्याला रोजच्यापेक्षा धोका कमी, पण कमी म्हणजे शून्य नाही. मी अठरा वर्षं या धंद्यात काढली, ओढल्या, आवडल्याही. मग दातांच्या डॉक्टरांनी आरसा धरून गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला. त्या दिवसापासून बंद. चट्टा गेला, प्रत्येकाचा जातोच असं नाही.

आणि ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते: तुम्ही आठ-आठ तास त्या धुरात उभे असता. २००६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने स्पष्टच म्हटलं की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी पातळी नाही, आणि नुसत्या हवा खेळवणाऱ्या यंत्रणेने तो धोका जात नाही. परीक्षेतल्या एका सिगारपेक्षा ही आठ महिन्यांची ड्युटी मला जास्त काळजीची वाटते. किती वर्षं इथे काढायची याचा आकडा मनाशी ठरवून ठेवा. दोन? तीन? पगारवाढीच्या नादात हा हिशोब राहून जातो.

'एकदाच ओढली तर कुणाला कळणार आहे?' असं तुम्ही विचारता. माळ कॉलरच्या आत असते हे तुम्ही एकाच पत्रात दोनदा लिहिलंत, हे तुमच्या लक्षात आलंय का? माळेचं काय करायचं ते मी सांगणार नाही. तो तुमचा आणि ज्यांच्या हातून ती घातलीत त्यांचा विषय. मला फक्त तुमचं 'एकदाच' पटत नाही. परीक्षेत टिपण चांगलं लिहिलंत की पुढच्या महिन्यात नवा माल आल्यावर मॅनेजर तुम्हालाच हाक मारणार. 'त्या दिवशी ओढलीस की' हे वाक्य त्याच्या तोंडी तयार असेल. तेव्हा नकार द्यायचाच असेल तर तो परीक्षेआधी देणं सोपं.

नकार देताना धर्माची कैफियत मांडायची गरज नाही आणि लाजायचीही नाही. "मी तंबाखू घेत नाही" एवढं वाक्य पुरतं. पण नुसत्या नकारासोबत जाऊ नका, वही घेऊन जा. पंधरा दिवसांची वही: कोणता बॉक्स, हाताला कशी लागली, वास कसा, पाहुण्याने किती वेळात संपवली, किती वेळा पेटवावी लागली, काय म्हणाला. मॅनेजरला म्हणा, परीक्षेत ओढायचं काम सहकारी करेल, मी त्याच्यासमोर बसून त्याला प्रश्न विचारेन आणि टिपण लिहीन. सिगारवरची नावाची कागदी पट्टी काढून, नाव न सांगता, तीन सिगारी ठेवा. सुकलेली कोणती, दमट कोणती, घट्ट कोणती, हे मी न पेटवता सांगतो. हे जमलं तर लाउंजला तुमच्यासारखा माणूस हवाच असेल, कारण ओढणारे पुष्कळ असतात, साठा सांभाळणारे नसतात. नाहीच ऐकलं तर कॉफी शॉपमध्ये परत जाण्याचा अर्ज हा पराभव समजू नका. तिथेही चव चाखण्याचंच काम आहे, आणि ते तुम्हाला आवडायचं असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

समजा, सगळा विचार करून तुम्ही ओढायचीच ठरवलीत. तर लहान आकाराची घ्या, पोटभर जेवून, बसून, शेजारी पाणी ठेवून. धूर गिळू नका. डोकं हलकं झालं की ठेवून द्या, संपवायची जिद्द धरू नका. टिपणात 'इथपर्यंत ओढली' असं लिहिलं तरी ते टिपणच असतं.

आणि त्या पाहुण्याला खोटं बोललात, त्याबद्दल फार मनाला लावून घेऊ नका, पण पुढच्या वेळी असं म्हणून बघा: "मी ओढत नाही सर. पण परवा एकांनी ही घेतली होती, मधला भाग त्यांना फार आवडला, शेवटी जरा उग्र झाली म्हणाले." कोल्हापुरात तांबडा-पांढरा वाढणारे किती जण माळकरी असतात! गिऱ्हाईक त्यांना 'तुम्ही खाता का' विचारत नाही, 'आज कसा झालाय' विचारतं, आणि ते खरं सांगतात.

इतर वाचकांसाठी थोडं, कारण 'परदेशातून साहेबांनी सिगारचा डबा आणलाय, काय करू' अशी पत्रं दिवाळीनंतर हमखास येतात. क्यूबाचा असेल तर डबा उलटा करून बघा. तळावर डाग देऊन उमटवलेलं 'तोताल्मेंते आ मानो', म्हणजे पूर्ण हातानं केलेली, असं असतं. शेजारी शाईने कारखान्याचा संकेत आणि स्पॅनिशमध्ये महिना-वर्ष. नुसतं 'एचो आ मानो' म्हणजे हातानं केलेली; त्यात गाभा यंत्राने बांधलेला असू शकतो. काचेच्या झाकणाच्या डब्यात कोहिबा (क्यूबाचा नामांकित ब्रँड) मिळाली असेल तर ती खोटी समजा. फ्रिजमध्ये ठेवू नका, सुकतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघड्या कपाटात ठेवू नका, बुरशी येते. हवाबंद डबा आणि त्यात ओलावा राखणारी ६५ किंवा ६९ टक्क्यांची पुडी, एवढं पुरतं. आणि तुम्हाला ओढायची नसेल तर घेताना आभार मानून ज्याला आवडते त्याला देऊन टाका. भेट मिळाली म्हणून सुरुवात करायला हवी असं कुठे आहे?

परत तुमच्याकडे. उद्यापासून एक काम अंगावर घ्या, ते कुणी मागत नाही आणि कुणी नीट करत नाही: ह्युमिडॉर, म्हणजे सिगारी ठेवायचं ओलावा राखणारं कपाट. ओलावा ६५ ते ७० टक्के, तापमान १८ ते २० अंश. तापमान २४-२५ च्या वर गेलं की तंबाखूतला भुंगा अंड्यातून बाहेर येतो. दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी. आपल्याकडे हळकुंडं पोखरतो तोच. सिगारवर टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं तर तो अख्खा कप्पा वेगळा काढा.

पण त्यातल्या ओलावा मोजणाऱ्या काट्यावर विसंबण्याआधी तो खरा बोलतो का ते बघा. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओलसर चिखल करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि काटा दोन्ही एका झिपच्या पिशवीत घालून ती घट्ट बंद करा आणि रात्रभर ठेवा. मिठावरच्या हवेत ओलावा ७५ टक्के असतो, तेव्हा काट्याने सकाळी ७५ दाखवायला हवेत. ७० दाखवत असेल तर तो पाच कमी बोलतो. तेवढं कागदाच्या पट्टीवर लिहून काट्याखाली चिकटवा. किती फरक निघाला ते मला जरूर कळवा. माझ्या वेळी आमच्या लाउंजमधला काटा नऊने चुकत होता, आणि तीन वर्षं आम्ही सगळे सिगारींना नावं ठेवत होतो.